मुजीबच्या नावाची पाटी: जुन्नर ते आहुपे

या वेळी किल्ला नाही, लेणी नाहीत, ‘कमी खर्चात दोन दिवस’ असंही काही नाही. गेलं वर्षभर इथं एक अक्षर लिहिलं नाही म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं, काहींनी चक्क रागावून विचारलं. उत्तर एकदाच देऊन टाकते. गेल्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ मुजीब मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्यानंतर मला कुठं जावंसं वाटलं नाही आणि जाऊन आलेल्या ठिकाणांबद्दल लिहावंसंही वाटलं नाही.

मुजीबचं जुन्नरला पंप दुरुस्तीचं दुकान होतं. पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. कामासाठी पार मढपासून भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत भटकायचा, आणि आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याला गेला की दोन-तीन दिवस तिकडंच रमायचा. कड्याच्या टोकावरचं गाव. पावसाळ्यात भिंतींना शेवाळ चढेल इतकं पाणी, आणि उन्हाळा लागला की बाया हंडे घेऊन दरीत झऱ्याला उतरणार. हे तो जेवताना सांगायचा आणि मग पाण्याचा तांब्या उचलून म्हणायचा, “हा तांब्या म्हणजे तिकडं एक चढ आहे.” आम्ही हसायचो.

तो गेल्यावर अब्बांनी दुकानातलं सामान विकलं आणि त्या पैशांतून आहुप्याच्या झऱ्यावर सौरपंप, वर वाडीत टाकी आणि नळ करून घेतला. आमच्यात असं मानतात की माणूस गेला की त्याची कामं थांबतात, पण त्याच्या नावानं केलेल्या एखाद्या गोष्टीतून कुणाला पाणी मिळत राहिलं, सावली मिळत राहिली, तर त्याचं पुण्य त्याला पोचत राहतं. सदका-ए-जारिया म्हणतात त्याला. चालू राहणारं दान.

काम पुरं झाल्याचा निरोप आला. ‘पाणी सोडायला पावण्यांनीच यावं.’ अब्बा एसटीनं एकटेच निघणार होते. पण वर्षभर गल्लीच्या बाहेर पाऊल न टाकलेली अम्मी म्हणाली, “मीपण येते.” मग गाडी काढण्यावाचून मला इलाज नव्हता.

पुण्याहून निघायचं तर पहाटे निघा. चाकणचा चौक एकदा जागा झाला की तुम्ही तिथंच नाश्ता-जेवण करणार. थेट आहुप्याला जायचं असेल तर मंचरहून घोडेगावकडं वळावं, ते जवळ पडतं. मला अम्मी-अब्बांना घ्यायला जुन्नरला जायचं होतं म्हणून मी नारायणगावपर्यंत गेले. तिथं मासवडी खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेल्या वड्या आणि सोबत झणझणीत रस्सा. नावात मासा असला तरी पानात नसतो. एक ताट दोघांना पुरतं. मी एकटी होते तरी सगळं संपवलं आणि मग उगाच अपराधी वाटलं.

नारायणगावातून डावीकडं वळलं की जुन्नर. सरळ गेलं की पिंपळवंडी. त्या सरळ रस्त्यावर उसाची एक ट्रॉली मागं दिवा न लावता उभी होती आणि मुजीब तिच्यावर जाऊन आदळला. मी अजून सरळ गेलेली नाही.

अब्बांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. अब्बा एसटीत कंडक्टर होते. लहानपणी आम्ही त्यांच्या गाडीत बसलो की ते आमचंही तिकीट फाडायचे आणि पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे. ड्रायव्हरकाका म्हणायचे, “राव, लेकरं हाईत घरची, जाऊ द्या की.” अब्बा म्हणायचे, गाडी घरची नाही. ते फार नमाजी वगैरे वाटणारे गृहस्थ नाहीत, दाढी बारीक, टोपी खिशात. पण जे पाळतात ते मुकाट पाळतात, आणि दुसऱ्याला कारण सांगायच्या भानगडीत पडत नाहीत. मुजीब गेला तेव्हा घरात बाया मोठ्यानं रडू लागल्या, तर त्यांनी हात जोडून सगळ्यांना थांबवलं. डोळ्यांतलं पाणी चालतं, आक्रोश चालत नाही, सब्र करायचा. शोक तीन दिवस. चौथ्या दिवशी अब्बा उठून बाजारात गेले आणि वांगी घेऊन आले. अम्मीनं ती वांगी तशीच वाळू दिली.

मला तेव्हा अब्बांचा राग आला होता. खरं सांगायचं तर अजूनही थोडा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी आम्ही कब्रस्तानाशी थांबलो. अब्बा आत गेले, आम्ही दोघी भिंतीबाहेर. आमच्याकडं बाया आत जात नाहीत. काही ठिकाणी जातात, आमच्याकडं नाही. मुजीबला नेलं तेव्हाही पुरुषांनी नेलं, पुरुषांनीच माती दिली. प्रत्येकानं आपल्या हातानं तीन मुठी माती द्यायची असते. गल्लीतल्या पोरांनी दिली, त्याच्या गिऱ्हाइकांनी दिली, पिंपळवंडीहून आलेल्या, त्याला रस्त्यावरून उचलणाऱ्या शेतकऱ्यानं दिली. अम्मीनं आणि मी दिली नाही. आम्ही दारात उभं राहून वळणापर्यंत बघत होतो.

अब्बा बाहेर आल्यावर अम्मीनं विचारलं, “कुठल्या बाजूला आहे?”

“चिंचेपलीकडं.”

“ओळखू येते?”

अब्बांनी चपलेची माती झटकली. “पावसानं बसलीय. आसपास आणखी झाल्यात. मी अंदाजानं उभा राहतो.”

कबर कच्चीच ठेवायची, वर बांधकाम नको, हीपण अब्बांनी पाळलेली एक गोष्ट. श्रीमंत-गरीब सगळे एकाच मातीत, एकसारखे. ऐकायला मला हे नेहमी सुंदर वाटायचं. त्या भिंतीबाहेर उभं राहून नाही वाटलं.

जुन्नर-घोडेगाव रस्ता बरा आहे, वळणांचा. घोडेगावात पेट्रोल भरून घ्या, पुढं डोंगरात भरवसा नाही. याच रस्त्यावर अम्मीनं पाट्या वाचायला सुरुवात केली. आपल्याकडं गावोगाव असतात तशा. बसथांब्याचा बाक, देवळाची पायरी, शाळेची कमान, पाणपोई, आणि त्यावर ‘कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ’. अम्मी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली, अक्षर लावून लावून वाचते. गाडी पुढं गेली की मान मागं वळवायची. मी वेग कमी करत गेले. कुणाची आजी, कुणाचा पहिलवान, कुणाचा कोवळा पोरगा. अम्मी सगळ्यांची नावं मोठ्यानं घेत होती.

घरात आमची दखनी चालते, इथं ती मराठीत करून लिहितेय. अम्मी म्हणाली, “टाकीवर आपण मुजीबचं नाव टाकू.”

अब्बा खिडकीबाहेर बघत होते. “नाही.”

“यांनी सगळ्यांनी टाकलंय की.”

“त्यांच्यात चालतं. दिलेलं मिरवायचं नसतं. नाव लावलं की लोक वाहवा करतात, मग दिल्याचं फळ इथंच मिळून जातं. त्याच्यासाठी तिकडं काय उरणार?”

“मला वाहवा नको,” अम्मी म्हणाली. “मला कुठंतरी त्याचं नाव वाचायचंय. कबरीवर नाही, दुकान मोडलं, शिधापत्रिकेवरूनही काढलं. सांगा ना, कुठं वाचू?”

 मी अम्मीच्या बाजूची. मी म्हटलं, “अब्बा, एका पाटीनं अल्लाह हिशेब बदलणार आहे का?” अब्बा म्हणाले, “गाडीकडं बघ.” 

डिंभ्याच्या धरणावरून रस्ता पाण्याच्या कडेकडेनं आत जातो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं, काठाची लाल माती उघडी पडते. एरवी मी इथं दहा वेळा गाडी थांबवून फोटो काढले असते. एका टपरीवर चहा घेतला. चहावाला म्हणाला, “आहुप्याला? म्होरं रस्ता खराब हाय, दमानं जावा. आन् मोबाईल बंद पडंल, आताच काय बोलायचं ते बोलून घ्या.” आमच्याकडं बोलायला काही नव्हतं. पुढचा रस्ता खरंच खराब आहे. लहान गाडी जाते, पण घाई करू नका.

आहुप्याला हॉटेल नाही. आधी फोन करून गेलं तर घरगुती जेवण मिळतं. आम्ही नामदेवभाऊंकडं उतरलो. मुजीब यायचा तो त्यांच्याकडंच. हौसाबाई, म्हणजे नामदेवभाऊंची बायको, अम्मीचे हात धरून नुसती उभी राहिली. मग म्हणाली, “ह्या ओसरीला निजायचा तो. घोंगडी द्याया गेलं तर म्हनायचा, मावशे, राहू दे.” अम्मी त्या ओसरीवर जाऊन बसली आणि तळव्यानं जमीन चाचपत राहिली.

नामदेवभाऊंनी अब्बांसाठी एक कोंबडा डालग्याखाली झाकून ठेवला होता. “तुमच्याच हातानं कापा म्हंजी तुमाला चालंल. मुजीबभाऊबी सोताच कापायचा.” अब्बांनी आधी कोंबड्याला पाणी पाजलं. सुरी घराच्या मागं जाऊन घासली, त्याला दिसू नये म्हणून. बाकीच्या कोंबड्यांसमोर नको म्हणून त्याला बाजूला नेलं. नामदेवभाऊ बघत होते. “कोंबड्याला एवढं कोन बघतंय, राव!” अब्बा म्हणाले, “त्याचा जीव आमच्या हातानं जातोय, तर निदान भिववून नको.” नाचणीची भाकरी, तो रस्सा आणि मिरचीचा ठेचा. जेवण उत्तम होतं. अम्मी दोन घासांनंतर उठली.

दुपारी हौसाबाईंनी आम्हाला देवराई दाखवली. पायवाट भैरवनाथाच्या देवळाशी जाते. उघड्या माळावरून आत शिरलं की एकदम गारवा, हातभर जाडीच्या वेली, खाली कुजलेल्या पानांचा थर. मोठमोठी झाडं पडून तशीच सडत होती. अम्मीनं विचारलं, “एवढं लाकूड, चुलीला नेत नाही कुणी?”

“हितलं वाळकं काटकूटबी न्यायचं नसतं. द्येवाचं हाय.”

“कुणी बघत नसलं तरी?”

हौसाबाई हसली. “बघनारा बघतोच की, माय.”

अम्मी बराच वेळ एका पडलेल्या झाडाशी उभी होती.

पाणी सोडायचा कार्यक्रम उन्हं कलल्यावर होता. टाकी वाडीच्या वरच्या अंगाला, तिथून कड्याखाली कोकण दिसतं आणि समोर गोरखगडाचा सुळका. बाया हंडे-कळश्या मांडून बसल्या होत्या. टाकीच्या भिंतीत चौकोनी खळगा ठेवलेला, शेजारी घमेल्यात कालवलेला सिमेंटचा माल, आणि भिंतीला टेकवलेलं काहीतरी, त्यावर नवा टॉवेल. मला तेव्हाच कळलं. नामदेवभाऊंनी टॉवेल ओढला.

काळा गुळगुळीत दगड, पांढरी अक्षरं: ‘कै. मुजीबभाऊ मिस्त्री (जुन्नर) यांच्या स्मरणार्थ’.

अम्मी पुढं गेली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेली. सुरुवातीच्या अक्षरावर थांबली आणि वर्षात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. “कैलासाला पाठवलंत व्हय माझ्या लेकाला?”

नामदेवभाऊ गडबडले. “आवो, आमच्यात आदरानं लावत्यात. चुकलं का काय?”

“नाय हो. लई चांगलं केलंत,” अम्मी म्हणाली आणि नावावरून हात फिरवत राहिली.

अब्बा सगळ्यांच्या मागं उभे होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, आज गप्प बसा, आजच्या दिवस गप्प बसा. ते पुढं आले. “नामदेवराव, तुमी एवढं मन लावून केलं, तुमचे उपकार हाईत. पन ही पाटी नका बसवू.”

 नामदेवभाऊंचा चेहरा उतरला. “असं कसं म्हनता? आमी वर्गनी काढून केलीया. नाव नाय लावलं तर लोकं म्हनतील, ज्याचं पानी पितात त्यालाच इसरले.”

“इसरला तरी चालंल.”

“मंग तुमाला काय मिळनार?”

“मला काय नको.” अब्बांचा आवाज बदलला. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, तेही परक्या गावात, इतक्या बायांसमोर. “मुजीब नमाज पढत नव्हता. रोजे सोडायचा. त्यावरून आमची भांडनं व्हायची. मी म्हनायचो, वरती गेल्यावर काय दाखवशील? तो हसायचा, म्हनायचा, बघू. आता तो गेला. त्याच्यापाशी दाखवाया काय हाय, मला ठावं न्हाई. हे पानी तेवढं मी त्याला पाठवू शकतो. ह्यातलं थेंबभर जरी नावापायी इथंच खर्ची पडलं तरी मला सोसायचं न्हाई.”

 माझा अब्बांवरचा सगळा राग एकाएकी लाजेत बदलला. वर्षभर मला वाटत होतं की हा माणूस चौथ्या दिवशी मोकळा झाला.

अम्मी दगडाशी बसून होती. तिच्या हाताखाली नाव होतं, आणि ते नाव ठेवायचं म्हणजे नवऱ्याच्या लेखी लेकाच्या ओंजळीतलं पाणी काढून घ्यायचं. मी तिच्याकडं बघत होते. ती पदर सावरून उठली आणि नामदेवभाऊंना म्हणाली, “भाऊ, पाटी बसवा. पन अक्षरं आत करून. पाठ भायेर.”

“म्हंजी कुनाला दिसायचं न्हाई?”

“ज्याला दिसायचं त्याला दिसंल.”

नामदेवभाऊंनी अब्बांकडं पाहिलं. अब्बांनी मान हलवली.

मग अम्मीनं बांगड्या वर सारल्या. घमेल्यातला ओला माल मूठभर उचलला आणि खळग्यात थापला. “बाई, हात खाईल सिमेंट, थापी घ्या,” कुणीतरी म्हणालं. तिनं ऐकलं नाही. दुसरी मूठ. ती काय करतेय हे मला दुसऱ्या मुठीला कळलं, आणि अब्बांनाही तेव्हाच कळलं असावं. त्यांनी खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली आणि माती देताना पुरुष जे म्हणतात ते पुटपुटू लागले. याच मातीतून तुम्हाला घडवलं, हिच्यातच परत नेऊ, हिच्यातूनच पुन्हा उठवू, असा त्याचा अर्थ.  तिसरी मूठ दिल्यावर अम्मी बाजूला सरली आणि मला म्हणाली, “तूपण दे.”

मी दिली. रडत दिली, मोठ्यानं, आणि कुणी मला थांबवलं नाही.

दोघा बाप्यांनी दगड उचलून अक्षरं आत करून खळग्यात बसवला. बाहेर राहिली ती खडबडीत, करडी पाठ. तुम्ही कधी आहुप्याला गेलात तर टाकीच्या भिंतीत एक कोरा दगड दिसेल, तो गवंड्याचा आळस नव्हे. अब्बांनी तोटी सोडली. आधी नुसती हवा आली, मग गढूळ पिचकारी, मग पाणी. हौसाबाईनं पहिला हंडा लावला. त्यानंतर बायांची एकच झुंबड उडाली, कळश्यांवरून चक्क भांडण झालं, आणि अब्बा बाजूला उभं राहून ते भांडण बघत राहिले.

परतीचा प्रवास साधा झाला. धरणापाशी अब्बांनी स्वतःहून गाडी थांबवायला सांगितली, नमाज पढली आणि अम्मीला टपरीवरून भजी आणून दिली. ती तिनं खाल्ली.

आता यातून काय उरलं, असं अशा लेखाच्या शेवटी सांगायचं असतं. मला नीट सांगता येणार नाही. आमच्या धर्मात बायांना त्या भिंतीबाहेर का थांबवतात यावर माझं अब्बांशी अजून पटत नाही, आणि पटेल असंही वाटत नाही. पण ज्या नियमांना मी कोरडे म्हणत होते त्यांच्याआड हा माणूस वर्षभर किती घाबरून बसला होता, हे मला दिसलं. मुजीबला तिकडं काय मिळतं मला माहीत नाही. मिळत असेल तर मिळो.

जुन्नरला पोचलो तेव्हा शेजारची शकीलाखाला दारातच बसली होती. अम्मीच्या बोटांची सालं निघाली होती, नखांत सिमेंट होतं. खालानं विचारलं, “कुठं गेली होतीस गं, इतक्या दिवसांनी बाहेर?”

अम्मीनं हात पदराला पुसले आणि म्हणाली, “मुजीबला माती द्यायची राहिली होती. देऊन आले.”